कसाऱ्याचं तिकीट

नमस्कार श्रोतेहो. डोंबिवलीहून रोज दादरला येणाऱ्या माणसाला विचारा, घाटकोपर कधी गेलं? "कळलंच नाही," म्हणेल. शरीर गाडीत, मन भलतीकडे. हे आपल्या सगळ्यांचंच होतं, तो आजार नव्हे.

समुपदेशनाच्या कामात मला लालबागच्या एक ताई भेटल्या. ओळखीच्या खुणा बदलून सांगते. त्यांच्या पर्समध्ये कसाऱ्याचं तिकीट निघालं, आदल्या दिवशीचं. तिथे का गेलो, परत कशा आलो, काही म्हणजे काही आठवेना. माझ्यासमोर त्या तिकिटाची घडी उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. घरचे म्हणत, "सोंग करते." तो शब्द त्यांना फार लागला होता.

सोंग नव्हतंच ते. याला डिसोसिएटिव्ह ॲम्नेशिया म्हणतात. मोठा आघात, अनेकदा लहानपणी सोसलेला छळ, मनाला पेलत नाही, आणि त्या आठवणींची वाटच बंद होते. हात मात्र विसरत नाहीत. भाकरी थापता येते, गाडी बदलता येते. हरवतं ते स्वतःचं आयुष्य. १८८७ साली अमेरिकेत ॲन्सेल बोर्न नावाचे धर्मोपदेशक घरून निघाले, परगावी ब्राऊन या नावानं दुकान थाटलं, आणि सुमारे दोन महिन्यांनी एका सकाळी जागे झाले ते "मी इथे कसा?" असं विचारतच.

काहींची तर ओळखच विभागली जाते, एकाच माणसात वेगवेगळी माणसं असल्यासारखी. त्याला पूर्वी मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत, १९९४पासून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. स्किझोफ्रेनियाला, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराला, आपण 'दुभंगलेलं मन' म्हणून बसलो, त्यामुळे दोन्हींची गल्लत होते. आजार वेगळे, उपचारही वेगळे. आणि देवीच्या उत्सवात अंगात येणं म्हणजे लगेच आजार, असं कृपा करून समजू नका. ते नको असताना येऊ लागलं, संसार-नोकरी विस्कटू लागली, तर मात्र डॉक्टर गाठा.

आधी फिट, डोक्याचा मार, नशा यांची तपासणी होते. मग मुख्य उपचार बोलण्याचा, हळूहळू. "आठव, आठव" म्हणून मागे लागू नका, त्यानं माणूस आणखी मिटतो. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र.

त्या ताई अजून येतात. कसाऱ्याचा दिवस आठवलेला नाही. पण त्यांची नजर हरवली की आता नवरा शेजारी बसतो आणि सांगतो, "आज मंगळवार. आपण लालबागला, घरी आहोत. चहा ठेवलाय."