फिब्रिनोजेन २२०: ठीक आहे का?

फिब्रिनोजेन, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणारं प्रथिन, मोजायला प्रसूतिकक्षातून निळ्या टोपणाची नळी आली आहे. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये.

मशीनकडे वळण्याआधी नळीकडे बघा. आत रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सोडियम सायट्रेट ०.३ मिली, वर रक्त २.७ मिली. रक्त खुणेपेक्षा कमी भरलं, तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, पातळ होतो आणि आकडा खोटाच खाली येतो. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं, तरी तेच. नळी हलकेच तिरकी करा. बारीकशी गुठळी दिसली तरी नमुना परत पाठवा, कारण फिब्रिनोजेन त्या गुठळीतच खर्ची पडलेलं असतं. घाई कितीही असो, इथे तडजोड नको.

मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी (गुरुत्वाच्या १५०० पट) बलाने १५ मिनिटं फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा.

चाचणी क्लाउस या संशोधकाची, १९५७ सालची. प्लाझ्मा बफर द्रावणात एकास दहा पातळ करायचा. त्यातला २०० मायक्रोलिटर ३७ अंशांवर गरम झाला, की फिब्रिनोजेनची गुठळी करणारं थ्रॉम्बिन १०० मायक्रोलिटर घालायचं आणि सेकंद मोजायचे. थ्रॉम्बिन मुद्दाम भरपूर असतं. त्यामुळे गुठळी कधी धरेल, ते मुख्यतः फिब्रिनोजेनवर ठरतं. जितकं कमी, तितका उशीर. सेकंदांवरून फिब्रिनोजेन सांगणारा आलेख असतो; वेळ त्याच्या बाहेर गेली, तर रेघ अंदाजाने पुढे ओढू नका. एकास पाच पातळ करून पुन्हा लावा आणि उत्तर निम्मं करा. हे निम्मं करणं राहून गेलं, तर रिपोर्ट दुप्पट जातो.

काही मशीन पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, रक्त गोठण्याची दुसरी चाचणी) हिच्या आलेखावरून फिब्रिनोजेन काढून देतात. पातळी खालावलेली असताना हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. रक्तस्रावात क्लाउसच हवी.

आकडा आला: २२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. छापील मर्यादा २०० ते ४००, म्हणून रिपोर्टवर लाल खूण नाही. पण दिवस भरलेल्या बाईचं फिब्रिनोजेन साधारण ४०० ते ६०० असतं. म्हणजे हिचं जवळपास निम्मं गेलंय. २०० च्या खाली उतरलं, तर रक्तस्राव गंभीर होण्याची शक्यता फार वाढते. असा रिपोर्ट नुसता छापून ठेवणं चुकीचं. फोन उचला, आकडा स्वतः सांगा.

रक्तपेढीलाही आताच कळवा. फिब्रिनोजेन भरून काढायला दिलं जाणारं क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मापासून काढलेला रक्तघटक) गोठलेलं असतं, ३७ अंशांवर वितळायला वेळ लागतो. ते चढवून झालं, की नवी नळी, दुसऱ्या हातातून.