आकाशपाळणा

(दृश्य : नवरात्र, पुण्याचा सेनापती बापट रस्ता. दिवेलागण.)

चतुःशृंगीची जत्रा. देवीचं दर्शन झालं, प्रसादाची पुडी पिशवीत गेली, की पोरांचं एकच टुमणं : पाळणा! पाळणेवाला पेटीवर लोखंडी दांडी आडवी टाकतो, खिट्टी बसवतो, पेटी जराशी वर सरकवतो आणि पुढची भरायला घेतो. वर गेल्यावर आई पोराचा दंड घट्ट धरते आणि स्वतःच डोळे मिटून घेते.

पाळणा आपल्याकडे जुनाच. लाकडी, चार पेट्यांचा, हाताने ढकलायचा. लोखंडाचा होऊन तो आभाळाला भिडला 1893 साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. चार वर्षांपूर्वी पॅरिसने अशाच प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर उभारला होता. त्याच्या तोडीस तोड काहीतरी हवं, म्हणून जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने 264 फूट उंचीचं चाक उभं केलं. वाफेवर फिरणारं. डबे 36, एकेका डब्यात माणसं 60. म्हणजे गच्च भरलेल्या 36 पीएमटी बसगाड्या एकदम आभाळात!

प्रदर्शन होतं कोलंबसच्या सफरीच्या 400 वर्षांनिमित्त. पण जगभर पसरला तो पाळणा.

(दृश्य : क्रिस्टल पॅलेसची जुनी चित्रं.)

मांडणाऱ्याच्या मनात एक आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत दुसरंच, हे पहिल्यापासूनचं. 1851. लंडनचं हाइड पार्क. तिथल्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन या मूळच्या माळ्याने लोखंड आणि काचेचा महाल उभारला, तोच क्रिस्टल पॅलेस. जगभरचा माल आणि यंत्रं एका छपराखाली. साडेपाच महिन्यांत 60 लाख भेटी.

हिंदुस्थानच्या दालनात हौदा आला होता, पण तो ठेवायला हत्ती कुठे होता? मग एसेक्समधल्या एका संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती मागवला. तो निघाला आफ्रिकेचा. कुणी पुणेकर तिथे असता, तर कान बघूनच त्याने संपादकांना पत्र धाडलं असतं.

दोनच वर्षांपूर्वी लाहोरहून नेलेला कोहिनूरही तिथे पिंजऱ्यात ठेवला होता. लोकांनी रांगा लावल्या आणि नाकं मुरडली : हा तर चमकतच नाही! साम्राज्याची केवढी पंचाईत. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले आणि हिरा जवळजवळ निम्मा झाला.

आणखी एक नवलाई होती, तिच्याबद्दल कुणी भाषणं केली नाहीत : एक पेनी देऊन वापरायची सार्वजनिक शौचालयं. वापरणारे 8 लाख 27 हजारांच्या वर.

(दृश्य : पुणे स्टेशन, आत येणारी गाडी.)

शिकागोचा एक धागा पुण्यातूनही जातो. 1892 साली मुंबईहून पुण्याला येणाऱ्या गाडीत टिळकांच्या डब्यात एक संन्यासी चढला. मग विंचूरकर वाड्यात त्यांच्याकडेच आठ-दहा दिवस उतरला. नाव विचारलं तर म्हणे, मी संन्यासी, बस्स. जवळ पैसा नाही. पुढे शिकागोच्या सर्वधर्म परिषदेच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि टिळकांच्या मनात आलं : हाच का तो? तोच होता : स्वामी विवेकानंद. ती परिषद भरली होती या प्रदर्शनाच्याच निमित्ताने.

(दृश्य : घोले रस्ता.)

लंडनच्या प्रदर्शनातून उरलेल्या नफ्यावर साउथ केन्सिंग्टनची संग्रहालयं उभी राहिली. घोले रस्त्यावरचं महात्मा फुले संग्रहालय त्याच गोतावळ्यातलं. स्थापना 1890, मूळ नाव पूना इंडस्ट्रियल म्युझियम. शाळेच्या सहलीत आपण तिथे गेलेलो असतो आणि नेमकं नावच विसरलेलो असतो.

घरबसल्या सगळं दिसतं, मग आता अशा प्रदर्शनांना कोण जाणार? 1970 साली जपानच्या ओसाकात चांद्रयात्रेतून आणलेला एक दगड बघायला लोक तासन्‌तास उभे राहिले. 2025 साली पुन्हा ओसाकाच; या वेळी दोन किलोमीटर घेराचं लाकडी कडं, आणि त्याच्यावरून नुसती चालणारी माणसं. चालत चालत एकमेकांनाच बघणारी.

(दृश्य : दसऱ्यानंतरची सकाळ.)

फेरिसचं ते मूळ चाक 1906 साली सुरुंग लावून पाडलं, भंगारात गेलं. इकडे चतुःशृंगीच्या पायथ्याशी पाळणेवाला नटबोल्ट गोणीत भरतोय. पेट्या ट्रकवर चढल्या. एक पोरगं अजून तिथेच उभं आहे.