किल्ली शेजारच्या काकूंकडे

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘अ‍ॅप स्टोअरची मान्यता : नियम आणि व्यवहार’ असा छापलाय. नियमांकडे येतोच. पण आधी मला ओटीपीबद्दल बोलू द्या. नियमांवर सगळेच बोलतात, आणि अ‍ॅप अडकतं ते ओटीपीपाशी.

समजा, आपलं दुधाच्या रतीबाचं अ‍ॅप आहे. रोज किती लिटर आलं, खाडा कधी झाला, महिन्याचं बिल किती, एवढंच. लॉगिन कशाने? मोबाइल नंबर आणि ओटीपी. आपल्याला दुसरं काही सुचतच नाही. आता हे अ‍ॅप तपासणीला अ‍ॅपलकडे गेलं. तिथे ते उघडून बघणाऱ्या माणसाच्या खिशात भारतीय सिमकार्ड नाही. तो नंबर टाकणार कुणाचा? पहिल्याच पडद्यावर गाडी थांबते आणि नियम २.१ दाखवून, म्हणजे ‘तपासणीला लागणारी माहिती अपुरी’ म्हणून, अ‍ॅप परत येतं. इकडे सगळे रात्रभर कोड चाळत बसतात. कोडचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो!

गावाला जाताना आपण किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो आणि येणाऱ्या पाहुण्याला तसं कळवतो. अ‍ॅप स्टोअर कनेक्टमध्ये, म्हणजे अ‍ॅप तपासणीला पाठवायच्या अ‍ॅपलच्या साइटवर, ‘अ‍ॅप रिव्ह्यू इन्फर्मेशन’ नावाचा भाग आहे, त्या या काकू. युजरनेमच्या जागी चाचणीचा नंबर लिहायचा, पासवर्डच्या जागी ठरलेला ओटीपी, आणि खालच्या टिपणात ‘या नंबरावर एसएमएस जात नाही, हाच आकडा टाका’ असं साध्या इंग्रजीत. लॉगिनसाठी गूगलची तयार सेवा फायरबेस वापरत असाल तर तिथे असे दहापर्यंत चाचणीचे नंबर आधीच नोंदवता येतात. स्वतःचा सर्व्हर असेल तर तो ठरलेला ओटीपी त्या एकाच नंबराला चालेल असं बघा. सगळ्या नंबरांना चालला, तर ती किल्ली काकूंकडे न राहता चौकात टांगली असं होईल.

पाहुणा आत आला, पण घर रिकामं! नवं खातं, शून्य नोंदी, ‘अद्याप काही नाही’. त्याने तपासायचं काय? म्हणून त्या खात्यात पंधरा-वीस दिवसांचं दूध घालून ठेवा, दोन खाडे, एक भरलेलं बिल, एक थकलेलं. थकलेलं हवंच, नाहीतर पैसे भरण्याचा पडदा त्याला दिसणारच नाही.

त्याहून गमतीचं म्हणजे लोकेशन. अ‍ॅप उघडताच ते विचारतं आणि सांगतं, ‘क्षमस्व, आपल्या भागात आमची सेवा नाही.’ बरोबरच आहे, कॅलिफोर्नियात तुमचा गवळी कुठून येणार? पिनकोड हाताने टाकायची सोय द्या आणि चालणारा पिनकोड टिपणात लिहा. फायरवॉलमध्ये परदेशी आयपी (परदेशातल्या इंटरनेटचे पत्ते) अडवले असतील तर तेही बघा. तुमच्या ऑफिसात सगळं सुरळीत चालतं, त्याला मात्र पांढरा पडदा दिसतो.

आणि तो आयपॅडवर तपासू शकतो. ‘आमचं अ‍ॅप फक्त आयफोनसाठी आहे’ हे उत्तर चालत नाही. आयफोनचं अ‍ॅप आयपॅडवरही चालतं, आणि तिथे कीबोर्ड वर आला की ‘पुढे’ बटण त्याखाली गडप होतं. घरातल्या मुलांचा आयपॅड तासभर मिळतो का बघा. तसं अवघडच आहे म्हणा.

कॅमेऱ्याची परवानगी मागताना ‘अ‍ॅपला कॅमेरा हवा आहे’ एवढंच लिहिलं तर परत येईल. ‘फुटलेल्या पिशवीचा फोटो तक्रारीला जोडण्यासाठी’ असं लिहा. ती ओळच लिहिली नाही, तर कॅमेरा उघडताक्षणी अ‍ॅप बंद पडतं.

चिठ्ठी आली. आयोजक दहा मिनिटं म्हणतायत, म्हणजे पाच. तर नियम, भराभर.

पैसे. दूध ही खरीखुरी वस्तू, तिचे पैसे यूपीआयने घ्या, अ‍ॅपल अडवत नाही. पण त्याच अ‍ॅपमध्ये पनीर करायचा व्हिडिओ विकलात की आपल्याकडे इन-अ‍ॅप पर्चेस, म्हणजे अ‍ॅपलमार्फत पैसे घेणं, लागलंच. त्यातले ३० टक्के अ‍ॅपलचे. वर्षाची कमाई दहा लाख डॉलरच्या आत असेल तर स्मॉल बिझनेस योजनेत नाव नोंदवून १५. शिकवणीवाल्यांनी ऐका : एका वेळी एकाच विद्यार्थ्याला थेट शिकवलंत तर बाहेरून पैसे चालतात, वर्ग भरवलात की नाही.

खातं मिटवणं. अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते मिटवायची सुरुवातही तिथूनच करता आली पाहिजे. ३० जून २०२२ पासून. ‘आम्हाला ईमेल करा’ सहसा पुरत नाही. आणि हे बटण तपासणारा दाबूनही बघेल. मग काकूंकडची किल्ली गेली! म्हणून चाचणीची खाती दोन द्या, एक मिटवायला.

स्क्रीनशॉट अँड्रॉइड फोनवरून काढून अ‍ॅपलला पाठवू नका. हसू नका, पाठवतात.

गूगल प्ले. नोंदणी एकदाच २५ डॉलर. अ‍ॅपलची दरवर्षी ९९. पण तुमचं डेव्हलपर म्हणून असलेलं खातं वैयक्तिक आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल, तर आधी निवडक लोकांकडून बंदिस्त चाचणी : किमान १२ जण, सलग १४ दिवस. आधी २० लागायचे. तुम्ही बाराऐवजी अठरा जमवा, कारण मधेच दोन-तीन जण बाहेर पडतात आणि मग सलगपणा मोडतो. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गूगलच्या अ‍ॅप चढवायच्या साइटवर, ‘अ‍ॅप अ‍ॅक्सेस’ हा रकाना आहे, ओटीपीची कहाणी तिथे पुन्हा लिहा. खातं मिटवण्यासाठी गूगलला अ‍ॅपमधल्या सोयीबरोबर वेबवरची लिंकही लागते. ओटीपी आपोआप वाचायला एसएमएसची परवानगी मागू नका, गूगलची एसएमएस रिट्रीव्हर ही सोय वापरा.

अ‍ॅप परत आलंच तर लगेच नवं बिल्ड (अ‍ॅपची नवी प्रत) चढवू नका. आक्षेप माहितीबद्दलचा असेल, तर आक्षेपाच्या संदेशाखालीच उत्तर द्या आणि सोबत मिनिटभराचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा, लॉगिनपासून बिलापर्यंत.

दुसरी चिठ्ठी आली. ही वाचून दाखवत नाही.