मेलेल्यांची नावं घेणारा कवी | रोमन उपहासकवितेची गोष्ट

नमस्कार मंडळी! आज आधी एक मासा बघू.

इटलीत अँकोनाजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात टर्बट जातीचा अवाढव्य चपटा मासा सापडतो. विकायची सोय नाही. किनाऱ्यावर खबरे टपलेले, ते म्हणणार की हा मासा सम्राटाच्या तळ्यातून पळालाय! मग कोळी बिचारा तो मासा घेऊन थेट रोमन सम्राट डोमिशियनकडे जातो. तिथे नवीच पंचाईत. एवढं मोठं ताटच नाही. लगेच बड्या सरदारांना तातडीचं बोलावणं जातं. त्यातला एक पूर्ण आंधळा, आणि माशाचं सगळ्यात जास्त कौतुक करतो तोच. तेही डावीकडे तोंड करून. मासा उजवीकडे! शेवटी ठराव होतो: मासा कापायचा नाही, नवं ताट घडवायचं.

हे लिहिलं रोमन उपहासकवी जुव्हेनलनं. वाटतं ना, काय छातीचा माणूस! पण थांबा. डोमिशियनचा खून झाला इ.स. ९६ मध्ये, आणि कविता त्यानंतरची आहे.

माझ्या मते रोमन उपहासकवितेचा सगळा इतिहास एका प्रश्नात आहे: नाव कोणाचं घ्यायचं?

नाटक, महाकाव्य, रोमनांनी बरंच काही ग्रीकांकडून उचललं. पण ‘सतुरा’ म्हणजे ही उपहासकविता मात्र पूर्णपणे आमची, असं त्यांचा वक्तृत्वाचा गुरू क्विंटिलियन अभिमानानं सांगतो. कवी एन्नियसनं सुरुवात केली, पण तिला नख्या आल्या त्या इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात, लुसिलियसच्या हातात. त्यानं ३० खंड लिहिले, आज उरलेत फक्त तुकडे. तो मोठमोठ्या धेंडांची नावं घेऊन झोडपायचा. त्याला परवडायचं हो! घरचा गडगंज, दोस्ती थेट सेनापती स्किपिओशी, आणि रोममध्ये अजून सम्राट नव्हता.

मग आला होरेस. बाप एकेकाळचा गुलाम, स्वतः यादवी युद्धात हरलेल्या बाजूनं लढलेला. असा माणूस कोणाशी पंगा घेणार? तो हसत हसत चिमटे काढतो. एका कवितेत रस्त्यात चिकटलेला माणूस त्याला सोडतच नाही, घाम फुटतो, मित्र भेटतो तर तोही गंमत बघून सटकतो. लुसिलियसवर मात्र टोला आहे: हा एका पायावर उभा राहून तासाला दोनशे ओळी सांगायचा!

त्याच्यानंतरचा कवी पर्सियस सहाच कविता लिहून २७व्या वर्षी गेला.

आणि जुव्हेनल पहिल्याच कवितेत सरळ सांगून टाकतो की मी नावं घेईन ती रस्त्याकडेच्या थडग्यांत पुरलेल्यांची. मेलेल्यांना शिव्या, वाचणारे जिवंत. लेकी बोले सुने लागे! ‘भाकरी आणि खेळ’ एवढ्यावर खूश असलेली जनता हेही त्याचंच वाक्य.

ही युक्ती पुढे फार कामाला आली. १७३८ साली इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सननं जुव्हेनलची तिसरी कविता, रोमला कंटाळून शहर सोडणाऱ्या माणसाची, उचलली आणि रोमच्या जागी लंडन बसवलं. निशाण्यावर पंतप्रधान वॉलपोलचं सरकार, जिवंत आणि सत्तेवर. कवीचं नाव छापलंच नाही. पानावर खाली जुव्हेनलच्या मूळ लॅटिन ओळी मात्र दिल्या. विचारलंच कोणी, तर बोट दाखवायला सोळाशे वर्षांपूर्वी गेलेला कवी हजर!