बोपदेव चढून पलीकडे

[दृश्य: येवलेवाडी, पहाट. अंधारात पुढे सरकणारी लाल दिव्यांची रांग]

रेडीमिक्सचे ट्रक, अर्धवट इमारती, त्यांच्यावर टूबीएचकेच्या जाहिराती. पुणं संपता संपत नाही. मग चढ लागतो आणि एका वळणात ते मागे पडतं. हा बोपदेव घाट.

चढ चारेक किलोमीटरचा. पुण्यात नवी सायकल घेतलेला माणूस पहिला घाट म्हणून इथेच येतो, आणि मुरलेला माणूस पाय अजून जागेवर आहेत ना, ते बघायला. रविवारी पहाटे इथे गाड्यांपेक्षा सायकलीच जास्त. कुणाची कार्बनची, कुणाची चुलतभावाकडून आलेली जुनी. चढ काही किंमत विचारत नाही.

हलका गिअर. हँडलवर पडणारा घाम. बोलायला कुणाकडेच श्वास नाही, तेव्हा आम्हीही थोडं थांबतो.

[दृश्य: घाटमाथा, ड्रोन. दोन्ही बाजूंची दरी]

हा डोंगर भुलेश्वरच्या रांगेतला. मागच्या उतारावर पडलेलं पाणी मुळा-मुठेला मिळतं, पुढच्या उतारावरचं कऱ्हेला. जातं दोन्ही भीमेतच, पण कऱ्हेचं पाणी आधी नीरेत आणि मग थेट नीरा-नरसिंहपूरला. पावसाळी ढग मात्र सह्याद्रीवरच बरेचसे रिते होतात आणि इथवर येतात ते उरलंसुरलं घेऊन. म्हणून हा पुरंदर तालुका कोरडा. माळरान, ज्वारी-बाजरी, वाटाणा, आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे अंजीर नाहीतर सीताफळ.

माथ्यानंतर बोपगाव. वर कानिफनाथांचा गड दिसतो.

[दृश्य: रसवंती. चाकाला बांधलेले घुंगरू, क्लोजअप]

महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडाबाहेर रसवंती शोधा आणि पाटी वाचा. 'कानिफनाथ रसवंती गृह', नाहीतर 'नवनाथ'. नाशिकला तेच, सोलापूरला तेच. ही नावं या गडावरून गेली आहेत, कारण माणसं इथून गेली. कोरडवाहू शेती म्हणजे सुगी आटोपली की हाताला काम नाही. उन्हाची तिरीप वाढू लागली की पुरंदरमधली कुटुंबं चरक घेऊन शहराची वाट धरत. गाळायचा ऊस दुसऱ्याच्या मुलखातला. यांचं भांडवल म्हणजे चरक, मेहनत आणि देवाचं नाव. मृगाची चाहूल लागली की दुकान आवरून परत, पेरणीला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच जागा, तोच फूटपाथ. धाकटा भाऊ मोठा झाला की त्याच्यासाठी दुसऱ्या शहरात दुसरं दुकान, पाटीवर नाव तेच. एकेकाळी चरक बैल ओढायचा, मग माणूस हाताने फिरवू लागला, आता मोटर आहे. घुंगरू मात्र कुणी काढले नाहीत. ते वाजले की गिऱ्हाईक मान वळवतं.

ऊस एकदा चरकातून काढायचा. दुमडायचा, पोटात आल्याचा तुकडा आणि लिंबाची फोड ठेवायची आणि पुन्हा घालायचा. चिपाड पिळून निघेपर्यंत. सायकलवर असाल तर बर्फ नको म्हणून सांगा.

[दृश्य: चांबळीचा रस्ता. कॅमेरा जमिनीलगत]

आता रस्ता खालीवर होऊ लागतो. एका उतारावर कमावलेला वेग पुढच्या चढाच्या निम्म्यापर्यंत पुरतो, उरलेला निम्मा पायांनी भरायचा. सायकलवाल्याला हवा असतो तो असाच रस्ता. सपाटीला माणूस कंटाळतो आणि सलग घाटाला दमतो.

इथे कॅमेरा मुद्दाम खाली घेतला आहे. डांबराची कड बघा. डांबर संपतं तिथे चार बोटांची पायरी. पायरीखाली मुरूम, मुरमात सुटी खडी, खडीत बाभळीचे काटे. ही साइडपट्टी. रस्त्यावर नवा थर पडला की डांबर वर चढतं आणि मुरूम होता तिथेच राहतो. दरवेळी पायरी आणखी उंच. पांढरा पट्टा मारला, फोटो काढले, काम झालं. मागून टेम्पोने हॉर्न दिला की सायकलने उतरायचं ते याच पायरीवरून. शाळेची मुलगी उतरते. दुधाचे कॅन लावलेले मामा उतरतात. हेल्मेटवालाही उतरतो, त्याच्या टायरची रुंदी दीड इंचसुद्धा नसते. थर टाकतानाच कडेला मुरूम भरून त्यावर रोलर फिरवला, तर पायरी राहत नाही. एवढंच काम.

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. 437 किलोमीटरची, टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत. पुरंदरचे रस्तेही तिच्या मार्गात होते. शर्यत रहदारीला बंद केलेल्या रस्त्यावर होते. तिथे कुणाला कडेला उतरावं लागत नाही.

[दृश्य: सासवड. पंक्चरचं दुकान]

काटा लागला तो पायरी उतरतानाच.

घमेल्यात पाणी. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती इंचाइंचाने बुडवत न्यायची. बुडबुडे आले तिथे बोट ठेवायचं, ट्यूब कोरडी करायची, कानशीने खरवडायची, सोल्यूशन लावायचं. आणि मग थांबायचं. घाई होते ती इथेच. सोल्यूशन बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबायचा. त्यानंतर टायरच्या आतून बोट फिरवायचं, हलक्या हाताने, कारण काटा अजून तिथेच असतो. तो न काढता निघालेली माणसं दुसऱ्या किलोमीटरवरून ढकलत परत येतात. आता अडचण हवेची. रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर गावातला पंप बसत नाही. पितळेचा एवढासा ॲडॉप्टर मिळतो, तो खिशात ठेवावा. काकांनी तो बोटात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "एवढी महागाची सायकल, आणि तोंड बघा केवढं!"

[दृश्य: बाजार, अंजिरांच्या पाट्या. संगमेश्वराचा घाट]

पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्षातून दोन बहार: हिवाळ्यातला खट्टा, उन्हाळ्यातला मीठा. सासवडजवळ जाधववाडीला अंजीर आणि सीताफळ यांचं संशोधन केंद्रच आहे. देठ मोडला की पांढरा चीक येतो, त्याने हात खाजतात. तोडणाऱ्यांची बोटं बघा. ही बोटं पहाटेपासून बागेत आहेत. फळ नाजूक, पाटीत पानं अंथरून ठेवायचं. सायकलवाल्याने चार अंजीर तिथेच उभ्याने खावेत. जर्सीच्या खिशात नेले तर काय होतं, ते चित्रीकरणात आलेलं आहे.

सासवड म्हणजे कऱ्हा आणि चांबळी या नद्यांचा संगम, संगमेश्वर, आणि सोपानदेवांची समाधी. आचार्य अत्रे इथल्याच कोडीतचे. आषाढात माउलींची पालखी दिवे घाट चढून येते आणि सासवडला दोन रात्री मुक्काम करते. सोपानकाकांची पालखी इथूनच निघते. दिवे घाटाचं पालखी महामार्गासाठी रुंदीकरण चालू आहे आणि पूर्वेकडच्या सात गावांत विमानतळासाठी भूसंपादन. आपण पश्चिमेला वळतो.

[दृश्य: नारायणपूरचा रस्ता. डावीकडे पुरंदर आणि वज्रगड]

डावीकडचे दोन डोंगर आता तासभर सोबत राहतील. उंच तो पुरंदर, शेजारचा वज्रगड. 1657 मध्ये संभाजीराजांचा जन्म पुरंदरावरचा. 1665 मध्ये दिलेरखानाचा वेढा, मुरारबाजी देशपांडे पडले, आणि तहात 23 किल्ले द्यावे लागले. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं एका पानावर येतं. सायकलवरून डोंगराचा आकार प्रत्येक वळणाला बदलतो, तेव्हा वेढा घालणाऱ्यांना केवढा परीघ सांभाळावा लागला असेल याचा अंदाज येतो.

नारायणपूरला यादवकाळातलं नारायणेश्वराचं देऊळ आहे. काळा दगड, दारावरची बारीक नक्षी. शेजारच्या एकमुखी दत्ताला गुरुवारी आणि पौर्णिमेला एवढी गर्दी होते की त्या दिवशी हा रस्ता टाळलेलाच बरा. एरवी देवळाबाहेर चहा मिळतो, भजी मिळतात आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवता येते. कुणी हात लावत नाही. गिअर किती, एवढं मात्र प्रत्येक जण विचारतो.

[दृश्य: उतार. हेल्मेटवरचा कॅमेरा]

पुढे केतकावळ्याचा बालाजी, बसगाड्यांची रांग, मग कापूरहोळ. तिथे सातारा हायवे लागतो. मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलते. सर्व्हिस रोड आहे, पण तुटक. जिथे आहे तिथे तो सोडू नका. हायवेचं चित्रीकरण फार नाही.

शिंदेवाडीला नवा बोगदा सोडून जुना कात्रज घाट धरायचा. दिवसभरातला शेवटचा चढ, आणि गाड्या कमी. वर जुना बोगदा. आत शिरण्याआधी मागचा दिवा लावा, गॉगल काढा. बाहेर पडलात की पुढे पुणं पसरलेलं दिसेल आणि लगेच उतार. ब्रेक वरच तपासून घ्या. सगळा फेरा शंभर किलोमीटरच्या आत होतो. उन्हं चढल्यावर कात्रज चौकात सायकलला जागा उरत नाही, म्हणून येवलेवाडीतून अंधारातच निघायचं.