फडावरचे चोवीस भाऊ

श्रोतेहो, नमस्कार.

फड म्हटलं की आपल्याला उसाचा आठवतो, नाहीतर तमाशाचा. आज सांगणार आहे तो फड राजस्थानातला आणि कापडाचा. चांगला तीसेक फूट लांब. गुर्जर समाजातल्या एका कुळाची, बगडावतांची कथा त्यावर रंगवलेली असते.

लोककथा अशी, की वाघाचं तोंड असलेल्या बाघजींना बारा बायका. प्रत्येकीला दोन मुलगे. हे चोवीस भाऊ म्हणजे बगडावत. गुरं राखणारी माणसं. हाती अमाप धन आलं, ते त्यांनी सढळ हातानं वाटून टाकलं. पुढे तिथल्या राजाची, राणाची, राणी जयमती, तिला देवीचा अवतार मानतात, त्यांच्यातल्या सवाई भोजांकडे निघून आली. खारी नदीकाठी लढाई पेटली आणि एकेक करत भाऊ पडले.

कुळाच्या या नाशावर फडासमोर रात्र रात्र गाणारे भोपे, म्हणजे पुजारी-गायक, बहुतेक गुर्जरच असतात, ही गोष्ट मला फार हलवून जाते. आपल्याच माणसांचं मरण ते दरवेळी नव्यानं गातात! गळ्यात जंतर, म्हणजे दोन भोपळ्यांचं तंतुवाद्य. सोबतीला दिवा धरणारा. गाणं जिथं पोचेल तिथं उजेड. आणि चित्रं घटनाक्रमानं मांडलेली नसतात बरं का, ज्याचं जे ठिकाण तिथं तो. त्यामुळे भोप्याला हा सगळा विस्तार तोंडपाठ लागतो. आपल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र उलगडत जातात. इथं सगळी चित्रं एकदम समोर, आणि अंधारात.

कथा पुढे जाते ती सवाई भोजांच्या पत्नीमुळे, साडूमातेमुळे. मालासेरीच्या डुंगरीवर तिच्या पोटी देवनारायण आले, कमळातून प्रकटले असं भक्त मानतात. ते मोठे होऊन बगडावतांचं वैर फेडतात. त्यांच्या देवळांत विटा पुजतात आणि कडुलिंबाचा पाला वाहतात.

हे फड भिलवाडा-शाहपुऱ्याकडची जोशी घराणी रंगवतात. १९९२ मध्ये देवनारायणांच्या फडावर टपाल तिकीटही निघालं. मुख्य देवाचे डोळे चितारी अगदी शेवटी काढतो. तोवर ते नुसतं कापड. डोळे उघडले की ते देऊळ होतं, आणि जीर्ण झालं की पुष्करच्या पाण्यात विसर्जित करतात.