दूध पांढरेशुभ्र, तरीही दगडी : मायक्रोआरएनए काय सांगतो?

नमस्कार. मी आज रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गोठ्यात उभा आहे. बाहेर पावसाची संततधार आहे, जांभ्याची जमीन कितीही झाडली तरी ओलीच राहते आणि अशा ओलाव्यात वाढलेले जंतू सडांवाटे कासेत शिरतात. हाच कासदाह, म्हणजे आपली दगडी. कास सुजून कडक झाली, दुधात गाठी आल्या की ती कोणीही ओळखतो. मला काळजी वाटते ती सुप्त दगडीची. कारण तिच्यात कास मऊ असते, दूध पांढरेशुभ्र दिसते आणि धार मात्र कमी होत जाते.

हे पाहा, चार वाट्यांची पाटी. प्रत्येक सडाचे दूध वेगळ्या वाटीत घेतले, तितकेच सीएमटीचे (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे दगडीच्या झटपट परीक्षेचे) द्रावण घातले आणि पाटी हलक्या हाताने गोल फिरवली. मागच्या डाव्या सडाचे दूध भाताच्या पेजेसारखे दाटले आहे. कासेत धावून आलेल्या पांढऱ्या पेशी द्रावणाने फुटल्या आणि त्यांतला डीएनए बाहेर पडला, म्हणून हा दाटपणा.

ही परीक्षा पेशी किती वाढल्या याचा अंदाज देते. त्या पेशींत काय चालले आहे, ते मायक्रोआरएनए सांगू शकतो. जनुकाचा निरोप संदेशवाहक आरएनए नेतो आणि त्यावरून प्रथिन बनते. मायक्रोआरएनए हा सुमारे २२ घटकांचा इवलासा धागा त्या निरोपाला चिकटून प्रथिन बनणे रोखतो किंवा निरोपच नष्ट करवतो. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत हे उलगडणारे व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

मायक्रोआरएनएचे अनेक प्रकार आहेत. गाईच्या कासेत त्यांपैकी मिर-१४६ हा प्रकार दाहाला लगाम घालतो, तर पांढऱ्या पेशींत विपुल असणारा मिर-२२३ दगडीच्या दुधात वाढलेला अनेक अभ्यासांत आढळला आहे. विशेष म्हणजे हे धागे दुधातल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत सुरक्षित राहतात, त्यामुळे गाईला सुईही न टोचता ते तपासता येतात.

मात्र त्यासाठी आज प्रयोगशाळाच लागते. शिवाय त्यांचे प्रमाण जात आणि वेताचा काळ यांनुसार बदलत असल्याने परक्या जातीचे आकडे आपल्या छोटेखानी कोकण कपिलेला लावून चालणार नाहीत. तिच्या निरोगी कासेतले प्रमाण आधी ठरवायला हवे आणि त्यासाठी गाय व्याल्यापासून आटेपर्यंत चारही सडांचे नमुने वेगवेगळे घ्यावे लागतील.